पहिल्या बैठकीत विचारायचं नसतं

मी एका कंपनीत कागद सांभाळते. आमच्या धंद्यात याला डॉक्युमेंट कंट्रोल असं भारदस्त नाव आहे. इथे आखातात, अल कुसैसच्या इंडस्ट्रियल भागात आमचं यार्ड आहे, तिथे लोखंडी टाक्या आणि पाइप तयार होतात, आणि यार्डाच्या कडेच्या पोर्टा केबिनमध्ये मी बसते. ड्रॉइंग आलं की नोंद करायची, बदललं की नवा रिव्हिजन नंबर द्यायचा, जुनं बाद करायचं. वीस वर्षं हेच करून माझा स्वभाव बिघडला आहे. किराण्याच्या यादीवरसुद्धा मी तारीख घालते. नवरा म्हणतो, हिला स्वर्गाच्या दारात उभं केलं तरी ही आधी विचारेल, ही लेटेस्ट कॉपी आहे ना?

गेल्या वर्षी उन्हाळा कलत असताना आमच्या शॉपमधला, म्हणजे वर्कशॉपमधला, एक वेल्डर केबिनच्या दारात येऊन उभा राहिला. पालघरच्या डोंगराळ भागातला, आदिवासी, पस्तिशीचा. हात चांगला म्हणून अवघड जोड त्याच्याकडेच जायचे. हेल्मेट काखेत धरून म्हणाला, "मॅडम, एक लेटर पाहिजे. कंपनीच्या लेटरहेडवर, स्टॅम्प मारून. पण मराठीत."

"कोणाला द्यायचंय?"

"गावच्या पंचांना."

मी हसले. एअर कंडिशनर घोंघावतोय, समोर क्रेनचा भोंगा वाजतोय आणि हा माणूस पंचांसाठी लेटरहेड मागतोय, म्हणून हसले. तो हसला नाही. मग मी त्याला बसायला सांगितलं.

त्याची बायको आदल्या वर्षी तापानं गेली होती. आठ वर्षांची एक मुलगी. ती मावशीकडे राहत होती, तिथल्या शाळेत तिसरीत जात होती. आता त्याचा थोरला भाऊ म्हणत होता, पोर आमच्या घरची, आमच्याकडे राहील. भाऊ वाईट माणूस नव्हता. पण दिवाळी झाली की ते सगळं घर वीटभट्टीवर कामाला जायचं, ते पावसाच्या तोंडाला परतायचं. मुलगी त्यांच्याबरोबर गेली की शाळा सुटली. असे वाद त्यांच्याकडे आधी समाजाच्या पंचांपुढे जातात. तालुक्याचं कोर्ट दूर आणि तिथली भाषा त्याहून दूर.

"मग तुम्ही जाऊन सांगा ना, मुलगी मावशीकडे राहील म्हणून."

"साइट इन्चार्ज बोलला, हा जॉब डिलिव्हर होईपर्यंत लीव नाही. आणि मॅडम..." तो थांबला. "आईबाप लवकर गेले माझे. भावानं वाढवलं. त्याच्या तोंडावर नाही बोलायला माझी जीभ उचलत नाही. कागद बोलला तर बरं होईल."

कागद बोलला तर बरं होईल, हे वाक्य माझ्यासारख्या बाईपुढे म्हणजे पेढाच. तरी लेटरहेड मी देऊ शकत नव्हते. पण डोक्यात चक्रं फिरायला लागली.

आमची मूळ कंपनी मुंबईची. तिच्या सामाजिक निधीतून दरवर्षी लहान संस्थांना अनुदान मिळतं आणि कोणाला द्यावं ते कर्मचारीही सुचवू शकतात. सुचवणाऱ्यानंच अर्ज भरायचा, म्हणून कोणी सुचवत नाही. वेल्डरच्या तालुक्यात एक वकीलबाई छोटी संस्था चालवत होत्या. त्यांचा फोन नंबर त्यानं दिला. त्यांचं काम ऐकून मी थक्क झाले. या पंचांच्या बैठकीत मुलांचे प्रश्न नीट हाताळले जावेत म्हणून त्या धडपडत होत्या. आईबाप नसलेली मुलं, नवराबायको वेगळे झाल्यावर मधे लटकलेली मुलं. पंचांत दोन बायका बसाव्यात, निकाल लिहून ठेवला जावा, मूल धोक्यात असेल तर प्रकरण जिल्ह्याच्या बालकल्याण समितीकडे पोचावं, एवढंच त्यांचं म्हणणं. पंच तयार झाले होते. पण लिहिणारी मुलगी नेमायला, बायकांची बुडालेली मजुरी भरून द्यायला आणि जिल्ह्याला जायच्या गाडीभाड्याला पैसे नव्हते.

"अर्ज मी भरते," मी म्हटलं. अर्ज भरणं ही जगात मला उत्तम येणारी एकच गोष्ट.

करामा भागातल्या आमच्या घरी, दोन शनिवार-रविवार, मी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडून बसले. इथून व्हॉट्सॲपवर फोन लागत नाही आणि साधा फोन महाग पडतो, म्हणून मुख्य पंचांशी बोलणं आवाजी निरोपांतून चालायचं. साठीच्या पुढचे असावेत. त्यांचा निरोप आला की आधी कोंबडा ऐकू यायचा, मग खोकला, मग ते. मी विचारलं होतं, मुलांचं प्रकरण तुम्ही कसं चालवता?

"तीन बैठका होतात, बाय," ते म्हणाले. "पहिल्या बैठकीला पोर नुसतं बसतं. त्याला कोणी काय विचारायचं नाय. भाकरी खातं, खेळतं, आम्ही बोलतो ते ऐकतं. दुसरी बैठक पोर राहतं त्या घरी. तिसऱ्या बैठकीला पोराला विचारायचं. तवर त्याला कळतं, का ही माणसं भांडली तरी उठून जात नाय. मग ते खरं बोलतं."

किती दिवस लागतात? "पोर बसंल तवा. दोन महिने, तीन महिने."

फॉर्ममध्ये रकाना होता: एका प्रकरणाला सरासरी किती दिवस? मला ते दोन-तीन महिने बघवेनात. आमच्याकडे ड्रॉइंग चौदा दिवसांत मंजूर होऊन आलं नाही तर मी तीन स्मरणपत्रं पाठवते. मी लिहिलं: सध्या तीन महिने, अनुदान मिळाल्यावर एकाच बैठकीत, तीस दिवसांच्या आत निकाल. वाचून छान वाटलं. सुधारणा दिसत होती. बिचाऱ्या मुलांच्या डोक्यावरची टांगती तलवार लवकर दूर होईल, असंही मनात आलं, ते खोटं नव्हतं.

तेरा वर्षांची माझी लेक शेजारी बसून दडपे पोहे खात होती. तिनं निरोप ऐकला होता, आता स्क्रीन वाचला. "बट ही डिडन्ट से दॅट, आई."

"अगं, फॉर्मच्या भाषेत असंच लिहितात," मी म्हटलं आणि शेवटच्या दिवशी वकीलबाईंना पीडीएफ पाठवून दिला. त्यांचा अंगठा आला. अर्ज गेला.

अनुदान मंजूर झालं तेव्हा मी शॉपमध्ये जाऊन वेल्डरला सांगितलं. त्यानं हातमोजे काढून मला नमस्कार केला, मला फारच थोर वाटलं. त्या दिवशी मी ऑफिसात समोसे वाटले. पहिला हप्ता गेला, लिहिणारी मुलगी नेमली, दोन बायका पंचांत बसल्या. पहिलं प्रकरण ठरलं ते याच मुलीचं. अटींमध्ये माझंच वाक्य मला साभार परत आलं होतं: पहिला निकाल तीस दिवसांत, तर दुसरा हप्ता.

बैठकीनंतर चौथ्या दिवशी तो केबिनमध्ये आला. या वेळी दारात थांबला नाही, सरळ येऊन खुर्चीत बसला.

"काय झालं, दादा?"

"एकाच दिवसात उरकायचं होतं ना मॅडम, म्हणून तिला लगेच विचारलं. सगळ्यांसमोर. भाऊ बोलला, माझ्याकडे येतेस? ती हो बोलली. मग मावशीनं विचारलं, माझ्याकडे राहतेस? तेव्हा पण हो बोलली. दोघांना हो बोलली." त्यानं हेल्मेट मांडीवर फिरवलं. "तेव्हापासून ती बोलतच नाही. मावशीशी नाही, शाळेत नाही. माझा फोन घेते, नुसता श्वास ऐकू येतो."

मुख्य पंचांचा निरोप दुपारी आला. कोंबडा नव्हता, खोकलाही नव्हता. "बाय, तुमचा कागद तीस दिवस सांगतो. पोर सांगत नाय. आम्ही निकाल लिहिणार नाय. तुमचे पैसे परत न्या."

खरं सांगते, मला आधी राग आला. एवढी धावपळ केली, एवढे मेल केले, आणि हे म्हातारेबुवा चार वाक्यांत सगळं परत करतात! मी वकीलबाईंना फोन लावला, तो भांडायच्या तयारीनं. त्या शांतपणे म्हणाल्या, "मीही वाचलं नाही हो नीट. पैसे येतायत म्हटल्यावर माझेही डोळे मिटले." तेव्हा मात्र माझा राग उतरला. त्यांनी मिटले असतील, मी तर उघड्या डोळ्यांनी लिहिलं होतं. आठ वर्षांच्या पोरीला आधीच आई नाही, बाप समुद्रापलीकडे, आणि मी तिच्यामागे तीस दिवसांची घाई लावून दिली. तिनं दोघांना हो म्हटलं ते कुणालाच दुखवायचं नव्हतं म्हणून. बापावरच गेली होती.

घरी सांगितलं. लेकीनं ऐकून घेतलं आणि मला चहा करून दिला. तिनं "टोल्ड यू" म्हटलं असतं तर परवडलं असतं.

तीस दिवसांची अट काढा म्हणून मी मुंबईच्या ऑफिसात फोन केला. तिथे निधीचं काम बघणारा मुलगा नम्र होता. नम्र माणसांशी भांडता येत नाही, हा मोठाच त्रास. "मॅम, टार्गेट एकदा फ्रीझ झालं की चेंज नाही होत. नेक्स्ट सायकलला बघूया ना."

"तुमच्या नेक्स्ट सायकलपर्यंत ती मुलगी वीटभट्टीवर गेलेली असेल."

"आय अंडरस्टँड, मॅम."

त्याला काहीही कळलेलं नव्हतं. मी फोन ठेवला आणि चहाच्या सुट्टीत शॉपमध्ये गेले. का गेले कोण जाणे. बहुधा माफी मागायला. वेल्डर एका जाड पाइपाजवळ कागदी कपातून चहा पीत उभा होता. पाइपाच्या जोडावर पिवळी चिठ्ठी बांधलेली होती: टेस्ट परवा.

माफी तोंडातून निघेना, म्हणून मी उगाच विचारलं, "हा तर झालाय ना पुरा? मग टेस्ट परवा कशाला?"

"या मटेरियलला अठ्ठेचाळीस तास हात नाही लावायचा, मॅडम. गरम असताना टेस्ट घेतली तर पास होतो. क्रॅक नंतर येतो, आतून. मग साइटवर जाऊन फुटतो." हे बोलून तो चहा प्यायला लागला. मग त्याचा कप तोंडाशीच थांबला.

तो अठ्ठेचाळीस तासांचा नियम माझ्याच कपाटात होता. शेकडो वेळा त्याच्या प्रती मी वाटल्या होत्या, आणि त्याचा अर्थ कधी कोणाला विचारला नव्हता. धावतच केबिनमध्ये आले. अनुदानाच्या अर्जाला रिव्हिजन एक दिलं. बदलाचं कारण या रकान्यात लिहिलं: मूळ अर्जात अर्ज भरणारीची चूक. पंचांची तीन बैठकांची पद्धत हा विलंब नसून तीच तपासणी आहे. मुलाला घाबरलेलं असताना विचारलं तर ते मोठ्यांना हवं ते सांगतं. सोबत आमच्याच कंपनीचा वेल्डच्या टेस्टचा नियम जोडला आणि खाली लिहिलं, लोखंडाला आपण दोन दिवस देतो.

शेवटचं वाक्य जरा आगाऊपणाचं होतं. पण तेच वरपर्यंत गेलं. त्या नम्र मुलाचे साहेब यार्डात इन्स्पेक्टर म्हणून वाढलेले. त्यांनी मीटिंगमध्ये मला कॅमेऱ्यासमोर बसवलं, नियमाचा कागद हातात धरून हसले आणि म्हणाले, "मॅडम, आमचंच पत्रक आमच्यावर चालवलंत." तीस दिवसांची अट गेली. त्याऐवजी अहवालात एवढंच द्यायचं ठरलं की मुलाला विचारण्याआधी त्याला किती बैठकांत नुसतं बसू दिलं. तो नम्र मुलगा माझ्यापेक्षा जास्त खूश झाला.

मुख्य पंचांना निरोप पाठवायचा होता. पाच वेळा बोलले, चार वेळा पुसून टाकलं. शेवटी म्हटलं, "बाबा, चूक माझी. तुम्ही सांगितलं होतं ते मी लिहिलं नाही. आता लिहिलंय."

दोन दिवस उत्तर नाही. मग कोंबडा, खोकला आणि: "चुकलं ते चुकलं, बाय. आता पोरीला इसरू द्या. ती बोलायला लागली का परत बसू. पहिल्यापासून."

ती केव्हा बोलायला लागेल हे कोण सांगणार? दिवाळी तोंडावर आली, भट्टीवर जायचे दिवस आले. भाऊ मुलीला घेऊन निघून गेला तर पंच तरी काय करणार, ही भीती वेल्डरच्या तोंडावर दिसायची. रोज केबिनवरून जाताना तो काचेतून मान हलवायचा: नाही, अजून नाही. आणि एका सकाळी तो काचेवर टकटक करत आत घुसला. "मॅडम! भांडली!"

"कोण भांडली?"

"पोरगी! शाळेत. पेन्सिल घेतली म्हणून एका पोरीला अशी बोलली, अशी बोलली, बाईंनी मावशीला बोलावून घेतलं." असा आनंदानं तक्रार सांगणारा बाप मी जन्मात पाहिला नव्हता. माझा जीव भांड्यात पडला.

भाऊ त्या वर्षी भट्टीवर उशिरा गेला, आणि गेला तो मुलीला मागे ठेवून. बैठका होईपर्यंत पोर जागची हलणार नाही असं पंचांनी सांगितलं होतं, आणि त्यानं ते मानलं होतं. पंचांचा शब्द कोर्टापेक्षा जवळचा, असं वकीलबाई म्हणायच्या, ते मला तेव्हा कळलं. पहिल्या बैठकीचा फोटो लिहिणाऱ्या मुलीनं पाठवला: ताडपत्रीवर मोठी माणसं आणि मधे एक बारकी पोर, हातात भाकरी, नजर कुत्र्याकडे. दुसरी बैठक मावशीच्या ओट्यावर झाली. त्यासाठी भाऊ भट्टीवरून एका दिवसाची मजुरी बुडवून आला. तिसरीच्या आधी आमच्या टाक्या जहाजावर चढल्या आणि वेल्डरची रजा मंजूर झाली. विमानतळावर जायच्या दिवशी तो भावाला काय सांगायचं ते पुटपुटत होता.

तो परत आला त्या सकाळी मी यार्डाच्या गेटवरच उभी होते. मला ऑफिसच्या घड्याळाची पर्वा नव्हती, हे नोंदवून ठेवते.

"मला बोलायची वेळच नाही आली, ताई," तो म्हणाला. ताई त्यानं पहिल्यांदाच म्हटलं. "आमच्यात बाप शेवटी बोलतो, पोरानंतर. ती नवीन पंचबाई तिच्या शेजारी बसली, हळूच बोलली, आता सांग. पोरगी गप्प. बराच वेळ गप्प. कोणी घाई नाही केली. मग तिनं त्या लिहिणाऱ्या पोरीला विचारलं, मी बोलेन ते सगळं लिहिणार? ती बोलली, हो. तर पोरगी बोलली, मग आधी लिहा, काका रागावणार नाहीत."

त्यानं फोन काढून निकालाच्या कागदाचा फोटो दाखवला. वळणदार अक्षर, रेघा मारलेलं पान. पहिली ओळ तीच होती. तिच्याखाली काकांची सही, वाकडी, दाबून केलेली. दुसरी ओळ त्या सहीनंतरची: मी मावशीकडे राहणार, शाळा तिथे आहे.

"भावाची सही पहिल्या ओळीलाच?" मी विचारलं.

"सही झाल्याशिवाय ती पुढचं बोलेना. भाऊ उठून बाहेर गेला. मला वाटलं, गेला आता. तर हंड्यावर तोंड धुऊन आला आणि सही केली. मग तिला बोलला, होळीला तरी येशील ना आमच्याकडे?"

माझ्या डोळ्यांना तोवर धारा लागल्या होत्या. गेटवरचा वॉचमन बघत होता, बघू दे. "काय म्हणाली?"

वेल्डरनं फोटो बोटांनी मोठा केला आणि शेवटच्या ओळीवर अंगठा ठेवला. ती ओळही लिहून घेतलेली होती, तिच्याच शब्दांत: येईन, पण न्यायला काकांनीच यायचं.